गोठवलेल्या भ्रूणासाठी गर्भाशयाचे अस्तर तयार करताना

उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेला भ्रूण वर्षानुवर्षे थांबू शकतो. गर्भाशयाचे अस्तर मात्र त्याला एका पाळीचक्रात मोजके काही दिवसच स्वीकारते. त्यामुळे प्रत्यारोपणापूर्वीची, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वीची, सारी धडपड भ्रूणाचे वय आणि अस्तराचे वय एकमेकांशी जुळवण्यासाठी असते. औषधांच्या कागदावरचा जवळजवळ प्रत्येक आकडा या हिशेबातून येतो.

पाळी नियमित असेल तर प्रथम डॉक्टरांना नैसर्गिक चक्राबद्दल विचारावे. यात अस्तर शरीर स्वतःच वाढवते. साधारण दहाव्या दिवसापासून सोनोग्राफीने पुटिकेची, म्हणजे अंडाशयातील स्त्रीबीज असलेल्या पिशवीची, वाढ पाहतात, बीज सुटण्याआधी वाढणारे एलएच संप्रेरक रक्तात किंवा लघवीत वाढल्याची नोंद घेतात आणि स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर सुमारे पाच दिवसांनी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवसांचा भ्रूण, गर्भाशयात सोडतात. काही केंद्रांत बीज सुटण्याची वेळ निश्चित करण्यासाठी एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. बीज सुटल्यावर अंडाशयात जो पीतपिंड तयार होतो तो प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला भ्रूणासाठी तयार करणारे संप्रेरक, पुरवतो, आणि पीतपिंड नसलेल्या चक्रांतील गर्भारपणात रक्तदाबाचे विकार अधिक आढळल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच, ज्यांना शक्य आहे त्यांनी केवळ तारखेच्या सोयीसाठी हा मार्ग सोडू नये, असे माझे मत आहे.

पाळी अनियमित असेल किंवा दिवस आधी ठरवणे भाग असेल, तर औषधांनी चक्र घडवतात. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून अस्तर पातळ आहे आणि अंडाशयात मोठी गाठ नाही याची खात्री करतात. मग इस्ट्रॅडिऑल, म्हणजे अस्तर वाढवणारे इस्ट्रोजेन संप्रेरक, सुरू होते. रोज एकूण ६ मिलिग्रॅम, विभागून, हा गोळ्यांचा नेहमीचा डोस. काही डॉक्टर २ मिलिग्रॅमपासून पायरीपायरीने वाढवतात. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांसमोर चमक येणारी अर्धशिशी असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर ते पहिल्या गोळीआधीच सांगावे. गुठळीचा धोका असलेल्यांत इस्ट्रोजेन द्यायचेच ठरले, तर गोळीऐवजी त्वचेवरची पट्टी किंवा जेल अधिक सुरक्षित मानले जाते.

दहा ते चौदा दिवसांनी अस्तर पुन्हा मोजतात. जाडी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आणि सोनोग्राफीत तीन रेघा स्पष्ट, म्हणजे तीन पदरी रूप, असे दिसले की पुढे जाता येते. सात हा आकडा उंबरठा म्हणून वापरला जात असला तरी त्याखालीही गर्भ राहतात, आणि ९ चे १२ व्हावे म्हणून औषध ताणत राहण्यात फारसा अर्थ नसतो. अस्तर वाढतच नसेल तर इस्ट्रोजेन आणखी काही दिवस चालू ठेवणे, ते देण्याचा मार्ग बदलणे किंवा पुढच्या वेळी नैसर्गिक चक्र करून पाहणे, हे आधी करून पाहायचे उपाय होत. पूर्वी गर्भाशय खरवडले गेले असेल तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना, हे दुर्बिणीने पाहावे लागते. ॲस्पिरिन, सिल्डेनाफिल, प्लेटलेट्सयुक्त प्लाझ्मा यांची नावे या टप्प्यावर हमखास निघतात, पण त्यांच्या उपयोगाचे पुरावे कमकुवत आहेत आणि काहींचा खर्च मात्र मोठा असतो.

आता खरी नाजूक गोष्ट: प्रोजेस्टेरॉन. त्याच्या पहिल्या डोसाबरोबर अस्तराचे घड्याळ चालू होते आणि ते मागे फिरवता येत नाही. म्हणून सुरुवातीआधी बीज आपोआप सुटलेले नाही ना, हे सोनोग्राफीने आणि अनेक ठिकाणी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासून पाहतात. सोमवारी औषध सुरू झाले तर पाच दिवसांचा भ्रूण साधारणपणे शनिवारी, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात. तीन दिवसांचा भ्रूण गुरुवारी. दिवस शून्यापासून मोजायचे की एकपासून, यात केंद्रागणिक फरक असतो आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. तेव्हा पहिल्या डोसाची तारीख आणि तास कागदावर लिहून घ्यावा. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या, जेल किंवा स्नायूत घ्यायचे इंजेक्शन यांपैकी जे दिले असेल ते ठरल्या वेळी घ्यावे. एखादा डोस चुकला तर स्वतःच दुप्पट न घेता त्याच दिवशी केंद्राला कळवावे.

प्रत्यारोपणानंतर अंथरुणावर पडून राहण्याची गरज नसते. थोडा रक्तस्राव दिसला तरी औषधे मनाने बंद करू नयेत, कारण औषधी चक्रात पीतपिंड नसल्याने अस्तराचा आधार सर्वस्वी त्या औषधांवर असतो. मात्र पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर फोनची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. साधारण दहा ते चौदा दिवसांनी गर्भ राहिला का हे पाहण्यासाठी रक्तातील बीटा एचसीजी तपासतात. चाचणी सकारात्मक आली तर औषधी चक्रातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन बहुधा गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, वार (प्लासेंटा) संप्रेरकांचे काम पूर्णपणे सांभाळू लागेपर्यंत, चालू ठेवतात. नकारात्मक आली तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषधे थांबवतात आणि काही दिवसांत पाळी येते.