छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी कशी करावी

अमेरिकेतल्या बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत (कला-विज्ञानाचं व्यापक पदवी शिक्षण देणारी कॉलेजं) एका वेळी दीड ते अडीच हजार विद्यार्थी असतात. म्हणजे वर्षाला चार ते सहाशे पदवीधर. अशा कॉलेजच्या यादीत पन्नास-साठ नावं असली तरी ती भरगच्च वाटते, आणि त्यातली दोन चुकीची निघाली की उरलेल्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. नावं पटापट गोळा होतात. वेळ जातो तो त्या माणसाचं कॉलेजशी नातं नेमकं काय होतं हे ठरवण्यात.

आधी नियम लिहून काढा

एकही नाव टाकण्यापूर्वी ‘माजी विद्यार्थी’ कोणाला म्हणायचं ते ठरवा. अनेक अमेरिकी कॉलेजं पदवी न घेता गेलेल्यांनाही माजी विद्यार्थी मानतात, त्यामुळे त्यांना वगळण्याचं कारण नाही. पण तसं स्पष्ट लिहायला हवं. स्टीव्ह जॉब्स यांनी १९७२ मध्ये पोर्टलंडच्या रीड कॉलेजात प्रवेश घेतला आणि एका सत्रानंतर नाव काढून घेतलं. पुढे काही काळ ते तिथल्या वर्गांना नुसते बसत होते, सुलेखनाचा वर्ग त्यातलाच. बराक ओबामा १९७९ ते १९८१ लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात होते, पदवी मात्र कोलंबिया विद्यापीठाची, १९८३ ची. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकले आणि पदवी मिनेसोटा विद्यापीठातून घेतली. हे तिघंही आपापल्या कॉलेजच्या यादीत हवेत, पण ‘पदवीधर’ म्हणून नकोत.

म्हणून प्रत्येक नावापुढे नात्याचा एक रकाना ठेवा आणि त्यात चारच पर्याय द्या: पदवीधर, शिकले पण पदवी नाही, दुसरीकडे बदली, फक्त पदव्युत्तर. शेवटचा पर्याय लोक विसरतात. ओबरलिन कॉलेजच्या नोबेल विजेत्यांत रॉजर स्पेरी आणि स्टॅनली कोहेन ही नावं शेजारीशेजारी येतात. स्पेरींनी तिथे १९३५ मध्ये इंग्रजीत बी.ए. आणि १९३७ मध्ये मानसशास्त्रात एम.ए. केलं. कोहेन यांची बी.ए. ब्रुकलिन कॉलेजची, ओबरलिनमधून त्यांनी १९४५ मध्ये फक्त एम.ए. केलं. दोघांचं नातं वेगळं आहे, आणि ते दिसलं पाहिजे.

कोण यादीत येत नाही हेही नियमात लिहा. मानद पदवी मिळाल्याने कोणी माजी विद्यार्थी होत नाही. चर्चिल यांना १९४६ मध्ये मिझुरीतल्या फुल्टनच्या वेस्टमिन्स्टर कॉलेजने मानद पदवी दिली, तेव्हाच त्यांनी ‘पोलादी पडद्या’चं भाषण केलं, म्हणून ते तिथले विद्यार्थी नव्हेत. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट अ‍ॅमर्स्ट कॉलेजात शिकवत होते, तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, तरी ते विद्यार्थी होते डार्टमथ आणि हार्वर्डचे. विश्वस्त, दीक्षान्त समारंभाचे वक्ते आणि उन्हाळी शिबिरापुरते आलेले, हे सगळे बाहेर.

परदेशी सत्रांमुळे एक वेगळाच गोंधळ होतो. जॅकलिन केनेडी दोन वर्षं व्हॅसारला होत्या. तिसरं वर्ष त्यांनी फ्रान्समध्ये काढलं, पण स्मिथ कॉलेजच्या कार्यक्रमातून. शेवटी पदवी घेतली वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची, १९५१ मध्ये. स्मिथच्या यादीत त्यांचं नाव घालायचा मोह होऊ शकतो, घालू नका.

‘नामवंत’ म्हणजे कोण, याची कसोटी साधी ठेवा: कॉलेजशी संबंध नसलेल्या किमान दोन स्रोतांत त्या माणसाच्या कामाबद्दल सविस्तर लिहिलेलं असावं. कंपनीत मोठा हुद्दा किंवा कॉलेजला मोठी देणगी एवढ्याने भागत नाही. उलट एखादा माणूस बदनामीमुळे प्रसिद्ध असेल तरी तो यादीत येतो. कॉलेजच्या जाहिरात विभागाला ते आवडणार नाही, पण यादी त्यांच्यासाठी नाही.

नावं कुठे शोधायची

कॉलेजचं स्वतःचं ‘आमचे नामवंत’ हे पान सुरुवातीला एकदा वाचा आणि बाजूला ठेवा. मग विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा) ‘शिक्षण कुठे झालं’ हा गुणधर्म, पी६९, त्या कॉलेजसाठी शोधा. एका क्वेरीत सगळी नावं मिळतात. सुरुवातीचं वर्ष पी५८०, शेवटचं पी५८२ आणि पदवी पी५१२ हे उपतपशील सोबत मागवा. ज्या नावांपुढे हे रकाने रिकामे येतात तिथेच पुढचं काम आहे.

त्यानंतर व्यवसायवार कोश घ्या. अमेरिकी काँग्रेसचा चरित्रकोश १७७४ पासूनच्या सदस्यांचा आहे आणि त्यात ‘पदवी घेतली’ आणि ‘शिकले’ हा फरक पाळलेला असतो, म्हणून राजकारण्यांसाठी तो पहिला स्रोत. संघीय न्यायाधीशांसाठी फेडरल ज्युडिशियल सेंटरची सूची, ऑलिंपिक खेळाडूंसाठी ऑलिंपीडिया, नोबेल विजेत्यांसाठी नोबेलच्या स्थळावरची चरित्रं. ही चरित्रं बऱ्याचदा विजेत्यांनी स्वतः लिहिलेली असतात; शिक्षणाच्या तपशिलाला ती चालतात, मोठेपणाच्या पुराव्याला चालत नाहीत.

खरा खजिना मात्र कागदांत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कॉलेजांचे वार्षिक कॅटलॉग प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, वर्ग आणि मूळ गाव छापत असत. दीक्षान्त समारंभाच्या पत्रिका, माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदवह्या, विद्यार्थी वृत्तपत्रं आणि माजी विद्यार्थी मासिकातले मृत्युलेख, यांतून अशी नावं हाती लागतात जी कोणत्याच तयार यादीत नसतात. यातलं बरंच इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेलं आहे. तिथल्या शोधावर मात्र विसंबू नका. दोन स्तंभांत छापलेलं पान यंत्र आडवं वाचतं आणि नाव एकाचं, गाव दुसऱ्याचं असं जोडतं. आडनाव सापडलं नाही तर गावाच्या नावाने शोधा, नाहीतर त्या वर्षाची विद्यार्थ्यांची पानं सरळ डोळ्यांनी वाचून काढा. छोट्या कॉलेजात ती पाच-दहाच असतात.

इयरबुक (विद्यार्थ्यांच्या फोटोंचं वार्षिक पुस्तक) वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पुष्कळ कॉलेजांत इयरबुक तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी काढत आणि त्यावर आपल्या पदवीचं वर्ष घालत, म्हणजे १९१२ चं पुस्तक १९११ मध्येच छापलेलं असू शकतं. आणि पहिल्या वर्षाच्या फोटोत चेहरा दिसला तर त्यातून प्रवेश सिद्ध होतो, पदवी नाही.

नाव तेच, माणूस दुसरा. माणूस तोच, नाव दुसरं

सगळ्यात जास्त नावं इथे निसटतात, विशेषतः स्त्रियांची. कॉलेजच्या कागदांत माहेरचं नाव असतं. स्मिथच्या १९४२ च्या नोंदीत बेटी फ्रीडन सापडणार नाहीत, बेटी गोल्डस्टीन सापडतील; १९३४ मध्ये ज्युलिया चाइल्ड नव्हे, ज्युलिया मॅकविल्यम्स. व्हॅसारच्या १९२८ च्या तुकडीत पुढे संगणकशास्त्रात नाव कमावलेल्या ग्रेस हॉपर आहेत, पण ग्रेस मरे म्हणून. अँटिऑकच्या १९५१ च्या तुकडीत कोरेटा स्कॉट, म्हणजे पुढच्या कोरेटा स्कॉट किंग. म्हणून ‘कॉलेजातलं नाव’ असा वेगळा रकाना ठेवल्याशिवाय हे काम नीट होतच नाही. जपानी नावांचंही तसंच: दोशिशा विद्यापीठाचे संस्थापक नीजिमा जो अ‍ॅमर्स्टमधून १८७० मध्ये पदवीधर झाले ते जोसेफ हार्डी नीसिमा या नावाने, आणि व्हॅसारच्या १८८२ च्या पदवीधर ओयामा सुतेमात्सु तेव्हा यामाकावा होत्या.

कॉलेजांचीही नावं जुळतात. व्हीटन कॉलेज इलिनॉयमध्ये आहे आणि मॅसॅच्युसेट्समध्येही. बिली ग्रॅहम, १९४३, पहिल्याचे. पत्रकार लेस्ली स्टाल, १९६३, दुसऱ्याच्या. इथे एक युक्ती चालते: मॅसॅच्युसेट्सचं व्हीटन १९८८ पर्यंत फक्त स्त्रियांसाठी होतं, तेव्हा त्याआधीचा पुरुष पदवीधर बहुतेक इलिनॉयचा. ट्रिनिटीचंही तेच. नॅन्सी पेलोसी आणि स्तंभलेखक जॉर्ज विल दोघंही १९६२ चे ‘ट्रिनिटी कॉलेज’चे पदवीधर. पेलोसी वॉशिंग्टनच्या स्त्रियांच्या ट्रिनिटीच्या, विल हार्टफर्डच्या पुरुषांच्या. शिवाय नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रिनिटी १९२४ मध्ये ड्यूक विद्यापीठ झालं. स्रोतात नुसतं ‘ट्रिनिटी’ असेल तर गाव कळेपर्यंत नोंद करू नका. ‘क्लेअरमाँटमध्ये शिकले’ हेही असंच अर्धवट वाक्य; तिथे पोमोना, स्क्रिप्स, क्लेअरमाँट मॅकेना, हार्वी मड आणि पिट्झर अशी पाच कॉलेजं शेजारीशेजारी आहेत.

जुनी नावं आधी जमवून घ्या. ग्रिनेल १९०९ पर्यंत आयोवा कॉलेज म्हणून चालत होतं, म्हणून त्याआधीच्या पदवीधरांच्या चरित्रांत ‘ग्रिनेल’ शोधून काही मिळत नाही. एमिली डिकिन्सन १८४७-४८ मध्ये ज्या संस्थेत होत्या तिचं तेव्हाचं नाव माउंट होल्योक फीमेल सेमिनरी. मूळ नाव लिहा आणि पुढे आजचं द्या.

पदवीची खातरजमा

मुलाखती, पुस्तकांची मलपृष्ठं आणि मृत्युलेख यांत ‘पदवी घेतली’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. शंका आली की कॉलेजच्या अभिलेखागाराला लिहा. पत्रात त्या काळचं पूर्ण नाव, जन्मवर्ष, अंदाजे वर्षं आणि एकच प्रश्न: पदवी मिळाली का, कोणती, केव्हा? छोट्या कॉलेजात हे काम एक-दोन माणसं सांभाळतात. चाळीस नावांची यादी पाठवली तर उत्तर येत नाही, पाच पाठवली तर बहुधा येतं.

हयात व्यक्तींसाठी १९७४ चा शैक्षणिक गोपनीयतेचा कायदा आड येतो, पण पूर्णपणे नाही. पदवी आणि हजेरीची वर्षं सहसा ‘निर्देशिका माहिती’त मोडतात आणि विद्यार्थ्याने मनाई केली नसेल तर कॉलेज ती सांगू शकतं. गुण, शिस्तभंग, कॉलेज का सोडलं, हे विचारू नका आणि दुसरीकडून कळलं तरी यादीत घालू नका. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस शुल्क घेऊन पदवी पडताळतं. सगळं अडलं तरच तिकडे जा.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे गोल फिरणारा पुरावा. विकिपीडियावर कोणीतरी नाव घालतं, कॉलेजचं प्रसिद्धिपत्रक ते उचलतं, मग विकिपीडियावर त्याच पत्रकाचा दाखला लागतो. हे पकडायला लेखाचा इतिहास उघडा, नाव पहिल्यांदा केव्हा आलं ती तारीख बघा, आणि त्या तारखेआधीचा छापील पुरावा शोधा. नसेल तर नाव काढा.

‘पहिला’ आणि ‘पहिली’ या शब्दांवर जास्त वेळ द्या. अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून बोडनचे जॉन रसवर्म आणि अ‍ॅमर्स्टचे एडवर्ड जोन्स, दोघंही १८२६ चे, यांची नावं सांगितली जात. मिडलबरीचे अलेक्झांडर ट्वायलाइट यांची पदवी १८२३ ची आहे. ओबरलिनच्या लुसी स्टँटन यांनी १८५० मध्ये लेडीज लिटररी कोर्स पूर्ण केला, पण त्यातून बी.ए. मिळत नसे; बी.ए. मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मेरी जेन पॅटरसन, १८६२, त्याच कॉलेजच्या. दोघींना आपापली जागा मिळते ती पदवीचं नाव अचूक लिहिल्यामुळेच. ‘ज्ञात नोंदींनुसार पहिले’ असं लिहिणं बरं.

ओळ कशी लिहावी

नाव, तुकडीचं वर्ष, पदवी, कशासाठी ओळखले जातात, पुरावा. वर्णन पंधरा शब्दांच्या आत, विशेषणांशिवाय. उदाहरणार्थ: ‘रॉबर्ट नॉइस, १९४९, बी.ए. (भौतिकशास्त्र आणि गणित). इंटिग्रेटेड सर्किटचे एक जनक, १९६८ मध्ये इंटेलचे सहसंस्थापक.’ पुरस्कार असेल तर शाखा आणि वर्ष द्या. स्वार्थमोरच्या हॉवर्ड टेमिन (१९५५) आणि डेव्हिड बाल्टिमोर (१९६०) यांना १९७५ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं, हे दोन्ही ओळींत तसंच दिसावं.

तुकडीचं वर्ष आणि पदवीचं वर्ष एकच असेल असं धरू नका. प्रवेश घेतलेल्या तुकडीचा आकडा आयुष्यभर चिकटतो. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेले अनेक जण दोन-तीन वर्षांनी परत येऊन पदवीधर झाले. अशा वेळी दोन्ही वर्षं लिहा.

देवनागरीत लिहिताना उच्चार ऐकून घ्या. स्पेलिंगवरून लिहिलं की बोडनचं ‘बोडोइन’ होतं आणि मग शोधणाऱ्याला ती ओळ सापडत नाही.

बंद पडलेल्या कॉलेजांचे कागद बहुधा राज्याच्या अभिलेखागारात जातात. १९५७ मध्ये बंद झालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजचे ॲशव्हिलला आहेत. तिथे रॉबर्ट राउशेनबर्ग, साय ट्वॉम्बली, रूथ असावा शिकले, पण पदवी घेणारे फार थोडे होते, त्यामुळे अशा कॉलेजच्या यादीत ‘पदवी’ हा रकाना बहुतांशी रिकामाच राहील. तो तसाच ठेवा.

सिद्ध न झालेली नावं वेगळ्या पानावर ‘तपास बाकी’ म्हणून ठेवा: कुठे वाचलं, काय शोधलं, कोणाला लिहिलं, कधी. हे पान प्रसिद्ध करू नका. वर्षातून एकदा ते आणि मुख्य यादीतले दुवे दोन्ही तपासा, आणि प्रत्येक दुव्याची जतन केलेली प्रत पहिल्या दिवशीच करून घ्या, कारण कॉलेजांची जुनी पानं संकेतस्थळ बदललं की गायब होतात.