गाझीपूरच्या फॅक्टरीत युनियनच्या तक्रारीवर जाताय? आधी हे करा

आपली कंपनी बांगलादेशातल्या फॅक्टऱ्यांकडून कपडे शिवून घेते. तिथे युनियन केली म्हणून कामगारांना काढल्याची तक्रार आली की आपल्यापैकी कुणीतरी जाऊन ती सोडवायची असते. व्हिसा, हॉटेल, गाडी ऑफिसमधलं कुणीही करून देईल. ढाक्याहून गाझीपूर किंवा आशुलियाला जायचं तर सकाळी लवकर निघा, ट्रॅफिक भयंकर असतो. ईदच्या आसपास जाऊ नका. फॅक्टऱ्या बंद असतात, आणि त्याआधी सगळे पगार-बोनसच्या घाईत असतात.

आता महत्त्वाचं. निघण्याआधी आपल्या बाइंग हेडकडून, म्हणजे खरेदी आणि ऑर्डरी ठरवणाऱ्या प्रमुखाकडून, पत्र घ्या. सहीचं, कंपनीच्या लेटरहेडवरचं. त्यात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: युनियन केली म्हणून काढलेल्या कामगारांना परत घेतलं तर आपली ऑर्डर ठरलेल्या भावाने आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहील; नाही घेतलं तर पुढची ऑर्डर मिळणार नाही. फोनवरचं आश्वासन चालणार नाही. "तू जा, आम्ही आहोत मागे" हेही चालणार नाही. गेल्या वेळी मी हे पत्र न घेता गेले होते. कायद्याचं बोलायला सुरुवात केली तेव्हा फॅक्टरीच्या जीएमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आमच्याच बाइंग ऑफिसचा आदल्या दिवशीचा मेल होता, तिथे शिवत असलेल्या त्याच कपड्याचा भाव आणखी खाली आणा म्हणून. त्यानंतर माझ्या बोलण्याला वजन उरलं नाही, आणि काढलेल्या बायका गेटबाहेरच राहिल्या.

पत्रातला पहिला भाग गाळू नका. आपण नुसती ऑर्डर तोडायची धमकी दिली तर मालक दुसऱ्या दिवशी लाइनवर सांगतो की युनियनमुळे काम गेलं, आणि उरलेले कामगार त्या बायकांवरच चिडतात.

कायदा वाचून जा. बांगलादेशचा 2006 चा श्रम कायदा. युनियनच्या नोंदणीला आधी 30 टक्के कामगार सभासद लागायचे, 2018 मध्ये ते 20 टक्क्यांवर आणलं. त्यानंतरही दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून आजची प्रत तिथल्या वकिलाकडून घ्या, नेटवरची जुनी पीडीएफ नको. कलम 186 नक्की बघा: नोंदणीचा अर्ज पडून असताना कामगारांच्या सेवाशर्ती बदलता येत नाहीत. काढाकाढी नेमकी याच काळात होते. कलम 195 मध्ये मालकाने काय करू नये ते आहे. फॅक्टरी ईपीझेडमध्ये, म्हणजे निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रात, असेल तर कायदाच वेगळा, तिथे युनियनऐवजी कामगार कल्याण संघटना असते. आधी पत्ता तपासा. आणि तिथे जाऊन भारताचे दाखले देऊ नका. आयएलओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे, संघटना करण्याच्या आणि सामूहिक बोलणी करण्याच्या हक्कांबद्दलचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार बांगलादेशने 1972 मध्येच मान्य केले. आपण अजून केलेले नाहीत.

पोचल्यावर तुमच्यासमोर पार्टिसिपेशन कमिटी, म्हणजे मालक आणि कामगार अशा दोघांच्या प्रतिनिधींची समिती, आणून बसवतील. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे ती कायद्यानेच लागते. सभ्य माणसं असतात, पण ती युनियन नव्हे, कामगारांच्या वतीने करार करू शकत नाही. तिच्याशी बोला, मात्र रिपोर्टमध्ये "कामगार प्रतिनिधींशी चर्चा झाली" असं लिहून मोकळे होऊ नका. कधी खरोखरच युनियन दाखवतील, मॅनेजमेंटने उभी केलेली. निवडणूक कधी झाली, वर्गणी कोण गोळा करतं, शेवटची मागणी कोणती होती, एवढं विचारलं की कळतं. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत एकाच युनियनला बोलणी करायचा हक्क दिला होता, आणि 1982 मध्ये दोन लाखांवर कामगार तिला सोडून डॉ. दत्ता सामंतांमागे गेले.

भिंतीवरच्या सर्टिफिकेटांवर वेळ घालवू नका. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या फॅक्टरीला एसए 8000, म्हणजे कामगारांना नीट वागवतात असं सर्टिफिकेट, मिळालं ऑगस्ट 2012 मध्ये. सप्टेंबरमध्ये आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या कपड्यांच्या फॅक्टऱ्या असलेल्या इमारतीत 23 एप्रिल 2013 ला भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. कपडे शिवणाऱ्यांना मात्र 24 तारखेला आत ढकललं, महिन्याचा पगार कापायची भीती घालून. इमारत कोसळली, 1,134 जण मेले. "आम्ही आत जाणार नाही" असं सगळ्यांनी मिळून म्हणायला युनियन लागते. ती तिथे नव्हती. मी यासाठी जाते, तुम्हीही यासाठी जा.

राजीनाम्यांची फाइल मागा, मूळ प्रती. "कुणाला काढलं नाही, स्वतः सोडून गेल्या" हे उत्तर हमखास येतं. कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा. एकच हस्ताक्षर, एकच शाई, तीच "कौटुंबिक कारणास्तव", खाली फक्त सही किंवा अंगठा वेगळा. नोकरीला लागतानाच कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात. राजीनाम्यांची तारीख आणि नोंदणी अर्जाची तारीख ताडून पाहा. फोटो काढायची परवानगी आधी लेखी घ्या, नाहीतर ऐनवेळी अडवतात.

कामगारांशी फॅक्टरीत बोलू नका. कॅन्टीनमध्ये नाही, मेडिकल रूममध्येही नाही. संध्याकाळी, सुट्टी झाल्यावर, त्यांची फेडरेशन, म्हणजे त्यांची युनियन ज्या महासंघात आहे तो, सांगेल तिथे. दुभाषी फॅक्टरीचा नको, ऑर्डर मिळवून देणाऱ्या एजंटचाही नको. वहीत नाव, लाइन नंबर, गाव काही लिहू नका. कोण बोललं हे शोधायला लाइन नंबर पुरतो. हा धोका नोकरीपुरता नसतो. 2012 मध्ये अमिनुल इस्लाम आणि 2023 मध्ये गाझीपूरलाच शहिदुल इस्लाम, दोघेही कामगार संघटक, दोघांचाही खून झाला. फॅक्टरीतलं झुट, म्हणजे कापडाचं चिंधी-कतरण, कोण उचलतं तेही विचारून ठेवा. त्या धंद्यात गावातले दांडगे लोक असतात आणि युनियनवाल्यांना धमकवायला बऱ्याचदा तेच येतात.

पत्र घेतलंत का? बाइंग हेडचं? नसेल तर तिकीट पुढे ढकला, खरंच सांगते. त्या आठवड्यात आपल्या मर्चंडायझरने, म्हणजे फॅक्टरीशी भाव-ऑर्डरी बघणाऱ्या माणसाने, भावाचा कोणताही मेल पाठवायचा नाही, हेही त्याच पत्राच्या मेलमध्ये त्याला कॉपी करून सांगा.

मीटिंगला मालक स्वतः हवा, फक्त एचआर नको. समझोता बांगला भाषेत, युनियनच्या सहीसह. परत घेणं म्हणजे त्याच ग्रेडवर, मधल्या काळाच्या पगारासह, सर्व्हिस न तुटता. सर्व्हिस तुटली की ईदचा बोनस आणि पुढचे हक्क जातात. ग्रेड खाली नेऊन किमान पगारावर (2023 मध्ये तो 12,500 टाका ठरला) बसवत नाहीत ना, हे पगाराच्या स्लिपवर पाहा. 2023 च्या पगारवाढीच्या आंदोलनानंतर बिननावाच्या आरोपींवर केसेस झाल्या होत्या. या फॅक्टरीने केली असेल तर मागे घेतल्याचा कोर्टाचा कागद मागा, तोंडी नको. त्यांची नावं काळ्या यादीत टाकून दुसऱ्या फॅक्टऱ्यांना कळवायची नाहीत, असं एक कलम समझोत्यात घाला.

परत आल्यावर पहिल्या पगाराला फेडरेशनला फोन, तिसऱ्या महिन्यात पुन्हा. रिपोर्टची प्रत बाइंगला, पुढची ऑर्डर लागण्याआधी.