लाकडाची ॲफ्रोडायटी घेताय किंवा कोरताय? या चुका टाळा

ॲफ्रोडायटी, म्हणजे ग्रीकांची प्रेम आणि सौंदर्याची देवी, म्हटलं की डोळ्यांपुढे संगमरवरच येतो. १८२० साली मिलोस बेटावर सापडलेली, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेली बिनहातांची मूर्ती तर सगळ्यांच्याच ओळखीची. दुसरी, ग्रीक शिल्पकार प्राक्सिटेलीसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घडवलेली, निडोस या प्राचीन ग्रीक नगरातली ॲफ्रोडायटी. ती मूळ मूर्ती हरवली, रोमन काळातल्या नकला तेवढ्या उरल्या. आजच्या लाकडी मूर्ती बहुधा याच दोघींवरून कोरलेल्या असतात. दगडासाठी जुळवलेली ठेवण लाकडावर जशीच्या तशी उतरवली, की पुढची दुखणी सुरू होतात.

सगळ्यात आधी तुटतो तो हात. संगमरवराची मूर्ती घोट्यात कमकुवत असते, कारण सगळं वजन तिथे येतं. म्हणूनच जुन्या संगमरवरी मूर्तींच्या पायाशी झाडाचा बुंधा, कलश किंवा वस्त्राचा घोळ असा काहीतरी आधार दिसतो. लाकडाचं उलटं आहे. लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, उभ्या असल्या तर बारीक घोटेही सहज टिकतात, पण पुढे केलेला हात त्याच ओंडक्यातून कोरला तर रेषा त्याला आडव्या कापतात आणि जरा धक्का लागला की हात कटकन जातो. ग्रीक प्रवासी पॉसेनियसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात डेलॉस बेटावरच्या लाकडी ॲफ्रोडायटीचं वर्णन केलंय. मूर्ती लहान, पावलांच्या जागी नुसता चौकोनी ठोकळा, आणि उजवा हात काळाने खराब झालेला. यात नवल कसलं! हात पुढे हवाच असेल, तर तो वेगळ्या तुकड्यातून, रेषा हाताच्या लांबीत घेऊन कोरा आणि खुंटी व सरस लावून बसवा. विकत घेणाऱ्यानेही आधी हाताच्या रेषा पाहाव्यात. जोड दिसला म्हणून मूर्ती हलकी ठरवू नका. जाणकार कारागीर जोड मुद्दाम देतो.

हात तुटलाच, तर झटपट चिकटणारा गोंद लावायची घाई नको. तो तंतूंत मुरून बसतो, मग दुसरा कोणताही गोंद नीट धरत नाही. तुटलेल्या तोंडावर काचपेपरही फिरवू नका, नाहीतर दोन्ही भाग एकमेकांत बसणार नाहीत. सांडलेले कपचे डबीत जपून ठेवा.

दुसरं मोठं दुखणं म्हणजे भेगा. वाळताना लाकूड लांबीत जवळपास आकसतच नाही. वर्षवलयांच्या दिशेने मात्र ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. म्हणून मध्ये गाभा असलेल्या अख्ख्या ओंडक्यातून कोरलेली देवी आज ना उद्या चिरणारच, आणि चीर नेमकी पोटावर किंवा चेहऱ्यावरही येऊ शकते. जर्मनीतले मध्ययुगीन कारागीर लिंडेन नावाच्या झाडाच्या लाकडातल्या मूर्ती पाठीमागून पोकळ करत, ते यासाठीच. तेव्हा गाभा वगळून कापलेलं, चांगलं वाळलेलं लाकूड घ्या. नैसर्गिकरीत्या वाळवायचं तर इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा सुतारांचा जुना अंदाज आजही धरून चालावा.

एप्रिल-मेमध्ये भेग दिसली की लोक ती इपॉक्सीने, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या गोंदाने, घट्ट भरून टाकतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला सरकायला जागा उरत नाही, आणि मग दुसरीकडे चीर जाते. बारीक भेग तशीच राहू द्या, फार खुपत असेल तर मेण भरा. एसीच्या झोताखाली किंवा उन्हाच्या खिडकीत मूर्ती ठेवू नका. ग्रीक पुराणकथेत ॲफ्रोडायटी समुद्राच्या फेसातून जन्मली म्हणून तिला बाथरूममध्ये बसवणारे हौशी लोकही आहेत. त्यांना काय सांगावं!

विकत घेताना तळ उलटून पाहा. खऱ्या लाकडाच्या आडव्या कापावर वर्षवलयं किंवा सूक्ष्म छिद्रं दिसतात. लाकडाचा भुसा मिसळून साच्यात ओतलेल्या रेझिनवर, म्हणजे कृत्रिम राळेवर, ती नसतात, कडेला साच्याची शिवण मात्र सापडते. सगळीकडे एकसारख्या समांतर बारीक रेघा दिसल्या तर काम यंत्राचं. ते वाईट नसतं, पण हातकामाची किंमत त्याला देऊ नये. देवी कोणती हेही तपासा. कबूतर, सफरचंद, आरसा किंवा शेजारी इरॉस (ग्रीकांचा प्रेमदेव) असेल तर ॲफ्रोडायटी. घुबड असेल तर अथीना, धनुष्य आणि हरिण असेल तर आर्टेमिस, मग पाटीवर नाव काहीही असो.

आपल्याकडची खास चूक म्हणजे खोबरेल. खाण्याचं तेल लाकडावर नीट वाळत नाही, धूळ धरतं, पुढे वासही मारतं. जवसाचं तेल वाळतं, पण फिकं लाकूड कालांतराने पिवळं पडतं. शिवाय त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर आपोआप पेटू शकतात, म्हणून त्या पसरून वाळवा. रंग किंवा सोन्याचा वर्ख नसलेल्या मूर्तीला वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा पातळ हात पुरे. एरवी फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवावा, ओलं फडकं नको.

तळाशी पिठासारखा भुसा आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर आत किडा आहे. भोकांत रॉकेल ओतू नका, डाग पडतो आणि किडा उरतोच. मूर्ती लहान आणि बिनरंगाची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. संग्रहालयंही गोठवण्याचा उपाय वापरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. मूर्ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं.