जनसुनावणीआधीचे तीस दिवस

खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी गावाचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते; तिची तयारी ही अशी. कोकणच्या कातळाखाली कोळसा नाही. आहे ते लोहखनिज आणि बॉक्साइट. पण चंद्रपूरची कोळसा खाण असो की दोडामार्गातली लोहखनिजाची, जनसुनावणीचा नियम एकच, १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतला. त्याप्रमाणे नोटीस किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते. रोज पेपर चाळायचं काम वाडीतल्या एकाला नेमून द्या. कात्रण तारखेसकट जपा. दिवस कमी भरत असतील तर पहिली हरकत तीच.

मग ईआयए अहवालाचा, म्हणजे खाणीमुळे पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अहवालाचा मसुदा. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत बघायला मिळायला हवा. नाही मिळाला तर तसा अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. मराठी सारांशात सगळं गोडच असतं, म्हणून पाण्याचं प्रकरण आणि मागचे तक्ते कोणा शिकलेल्या पोराला घेऊन वाचा. नमुने कुठल्या महिन्यांत घेतले ते आधी बघा. पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती चालते, आणि आपल्याकडे तर पाणी पावसाळ्यात सड्यात, म्हणजे कातळाच्या पठारात मुरतं नि पुढे पायथ्याच्या झऱ्यांतून येतं. सडा खणला की झरा का आटेल, हे त्या तक्त्यांत दिसतच नाही. ‘बारमाही प्रवाह नाही’ असं वाक्य सापडलं तर पान क्रमांक टिपा.

त्याला उत्तर गावाच्या वहीत हवं. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करा, टेपच्या टोकाला वजन बांधा आणि दर रविवारी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, तेही पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी. संध्याकाळी मोजलं तर उपशाने पातळी खाली गेलेली असते आणि तेवढ्यावरून अख्खी वही बाद ठरवता येते. झऱ्याखाली १० लिटरची बादली धरा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. हा आकडा ‘आमचं पाणी जाईल’ या वाक्यापेक्षा जड पडतो.

हरकती छापील नमुन्यावर नकोत. दोनशे सारख्या अर्जांची नोंद एका ओळीत उरकते. आंबा-काजूवाल्याने धुळीबद्दल लिहावं, कुणग्यावाल्याने, म्हणजे भातखाचरवाल्याने गाळाबद्दल, खाडीत मासे मारणाऱ्याने गढूळ पाण्याबद्दल. प्रत्येकाने सर्व्हे नंबर घालावा. मातीचे ढीग कुठे टाकणार, किती उंच, पावसाळ्यात ते अडवणार कशाने, हे विचाराच. जुलै २०२१ मध्ये दोडामार्गातल्या कळणे इथे खाणीचा बांध फुटून पाणी नि गाळ गावात शिरला होता. मुंबईकरांनी गणपतीची वाट न बघता हरकत लेखी पाठवावी. ग्रामसभेचा ठराव घ्या, पण गणसंख्या भरल्याचं हजेरीवहीत दिसू द्या: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी असेल ती.

सुनावणीच्या दिवशी बहिष्कार घालू नका, कितीही राग आला तरी. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. गाव मांडवाबाहेर घोषणा देत राहिला तर आत ती रीतसर पूर्ण होते आणि इतिवृत्तात विरोध उरत नाही. बोलणारे आधी ठरवा, प्रत्येकाला तीन मिनिटं, एक मुद्दा. बायकांना पुढच्या रांगेत बसवा, पाण्याचं त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. सरकारी चित्रीकरण असतंच, तरी आपले दोन फोन आणि पॉवर बँक ठेवा. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी त्यावर सही होते. जेवणाच्या घाईत लोक नेमके तेव्हाच उठतात. बसून राहा, सुटलेला मुद्दा तिथेच घालून घ्या.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. वही, पोचा आणि व्हिडिओच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत, प्लास्टिकात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. आषाढात कागदाला बुरशी धरते.