टाईल्स फोडू नका, सांधे बदला

जुन्या बाथरूमला अवकळा येते ती बहुतेक वेळा काळ्या पडलेल्या सांध्यांमुळे. टाईल बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला नाही, तर ती फोडू नका. सांधे खरवडणीने निदान 2-3 मिलिमीटर कोरा, धूळ झाडा आणि इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा राळेचा मसाला, भरा. सिमेंटचं ग्राउट पाणी पितं, म्हणून बुरशी धरते. इपॉक्सी जवळजवळ पाणी पीत नाही. मात्र सांधे खडखडीत कोरडे हवेत. आपल्याकडच्या पावसात ते होणे नाही, दिवाळीनंतरच काम काढा. हातमोजे घाला, थोडं थोडं कालवा आणि टाईलवर लागलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. एकदा धरलं की निघता निघत नाही.

टॉवेलची दांडी, हुक घेताना खारा वारा लक्षात ठेवा. समुद्राजवळ 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस ठिपके येतात. 316 घ्या, नाहीतर पितळ. स्क्रूकडे तर कुणी बघतच नाही! आमची दांडी आजही चकचकीत आहे, पण साध्या लोखंडी स्क्रूंमुळे गंजाचे दोन ओघळ पार खालच्या टाईलपर्यंत उतरले होते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीत स्क्रू बसवायचा आखूड गट्टू ढिला पडतो, लांबच ठोका.