व्हेग्रंट आणि अ‍ॅन्सिबल वापरून लॅपटॉपवर सर्व्हर कसा उभा करावा

हाताने सेट केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या वेगळ्या संगणकात) काय काय टाकलं होतं, हे महिन्याभराने कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मशीन कसं हवं ते फाइलमध्येच लिहून ठेवावं. त्यावरून व्हेग्रंट मशीन उभं करतो आणि अ‍ॅन्सिबल त्यात हवं ते सॉफ्टवेअर टाकून सेटिंग करतं.

आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते बघा. मग व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हेग्रंट इन्स्टॉल करा. मशीन चालवतो व्हर्च्युअलबॉक्स; व्हेग्रंट त्याच्याकडून काम करून घेतो.

आता एक रिकामं फोल्डर करून टर्मिनलमध्ये ‘व्हेग्रंट इनिट बेंटो/उबुंटू-22.04’ ही कमांड द्या. तयार होणाऱ्या व्हेग्रंटफाइलमध्ये मेमरी 2048 एमबी करा आणि प्रोव्हिजनर (मशीन उभं झाल्यावर त्यात सेटिंग करणारं साधन) म्हणून ‘अ‍ॅन्सिबल लोकल’ लिहा. यात अ‍ॅन्सिबल त्या मशीनच्या आतच चालतं. विंडोज वापरणाऱ्यांनी तर हाच पर्याय घ्यावा, कारण अ‍ॅन्सिबल थेट विंडोजवरून चालवता येत नाही.

त्याच फोल्डरमध्ये प्लेबुकची, म्हणजे अ‍ॅन्सिबलने करायच्या कामांच्या यादीची, यामल या साध्या मजकूर-स्वरूपातली फाइल ठेवा आणि तिचं नाव प्रोव्हिजनरला कळवा. सुरुवातीला दोनच कामं पुरे: एनजिनएक्स हा वेब सर्व्हर इन्स्टॉल करणं आणि ती सर्व्हिस चालू ठेवणं. ‘बिकम’ (अ‍ॅडमिनचे अधिकार घेणारी सेटिंग) ट्रू करायला विसरू नका, नाहीतर परवानगीअभावी काम अडेल. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्याव्या लागतात. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

‘व्हेग्रंट अप’ द्या. पहिल्या वेळी बॉक्स (मशीनचा तयार साचा) डाउनलोड होतो, त्यामुळे वेळ लागतो. प्लेबुक आपोआप चालतं ते फक्त याच वेळी. नंतर त्यात बदल केला, तर ‘व्हेग्रंट प्रोव्हिजन’ द्यावं लागतं.

ही कमांड काही न बदलता लगेच पुन्हा देऊन बघा. शेवटच्या ओळीत ‘चेंज्ड’समोर 0 यायला हवा. अ‍ॅन्सिबलची खरी ताकद मला इथे दिसते: एनजिनएक्स आधीच आहे हे बघून ते त्याला हात लावत नाही. 0 येत नसेल, तर बहुधा कुठेतरी शेल मॉड्यूल (टर्मिनलची कमांड जशीच्या तशी चालवणारा अ‍ॅन्सिबलचा भाग) वापरलं असेल. वेगळं काही सांगितलं नसेल, तर ते दरवेळी ‘बदल झाला’ असंच सांगतं. त्या कामासाठी एपीटी, कॉपी किंवा सर्व्हिस यांपैकी योग्य मॉड्यूल वापरा.

शेवटी ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ देऊन मशीन बिनधास्त पुसून टाका आणि पुन्हा ‘अप’ द्या. सगळं जसंच्या तसं उभं राहिलं, तरच प्लेबुक पूर्ण झालं असं समजा. मग व्हेग्रंटफाइल आणि प्लेबुक या दोन्ही फाइली गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) टाका. ‘डॉट व्हेग्रंट’ फोल्डर मात्र त्यातून वगळा आणि पासवर्ड असतील तर ते अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्येच (मजकूर एनक्रिप्ट करून ठेवणाऱ्या सोयीत) ठेवा.