लोक सरकारवर नाराज आहेत म्हणजे नक्की काय? डावीकडे झुकलेला पक्ष सत्तेत असताना हे कसं तपासायचं

कुणी म्हणालं की "लोक आता या सरकारला कंटाळलेत", तर मी हल्ली 'का' असं विचारत नाही, 'कधीपासून' असं विचारतो. 'का' विचारलं की माणूस भाषण सुरू करतो, महागाई, नोकऱ्या, सगळे सारखेच, म्हणजे काल टीव्हीवर जे ऐकलं तेच परत. 'कधीपासून' विचारलं की मात्र थांबतो, आठवायला लागतो. माझी एक मैत्रीण आहे, आयुष्यभर एकाच पक्षाला मत देणारी, तिच्या वडिलांचंही मत त्यालाच, तर ती अर्धा तास सरकारला शिव्या घालत होती, मी मध्येच विचारलं कधीपासून गं, तर एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आईला ते पत्र आलं ना, त्या दिवसापासून." पत्र एक छोटा भत्ता बंद झाल्याचं होतं. रक्कम फार नव्हती, आईचं त्यावाचून अडणारही नव्हतं. पण पत्र 'आपल्या' सरकारचं होतं.

तर पहिलं काम हेच, तारीख शोधा. उजव्या पक्षाने भत्ता कापला तर त्याच्या विरोधकांना राग येतो, त्याच्या स्वतःच्या मतदारांना फारसं काही वाटत नाही, कारण त्यांनी दुसरी अपेक्षाच ठेवलेली नसते. डावीकडे झुकलेला पक्ष "आम्ही कष्टकऱ्यांचे, म्हाताऱ्यांचे, भाडेकरूंचे" असं सांगून निवडून येतो, त्यामुळे त्याने कापलेला एक रुपयासुद्धा मोजला जातो. आणि गंमत अशी की मोठ्या रकमांनी लोक इतके दुखावत नाहीत जितके चिल्लरने दुखावतात.

ब्रिटनच्या लेबर पक्षाकडे बघा, याबाबतीत त्यांच्याइतकी तयार उदाहरणं कुणाकडे नसतील. एप्रिल २००० मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने सरकारी पेन्शन वाढवली, आठवड्याला ७५ पेन्स. नियमाने बरोबर होतं, पेन्शनची वाढ महागाईच्या दराशी बांधलेली आणि तो दर त्या वर्षी अगदी कमी, हिशोबात एक पैशाची चूक नव्हती. पण ७५ पेन्स! काहीच न देणं एक वेळ चाललं असतं, ही तर टिपच ठेवल्यासारखी झाली. मे महिन्यात स्थानिक निवडणुकांत फटका बसला आणि पुढच्या वर्षी एकट्या पेन्शनरला आठवड्याला थेट ५ पौंडांची वाढ द्यावी लागली. मग २००८ मध्ये गॉर्डन ब्राऊन यांच्या काळात १० टक्क्यांचा सर्वात खालचा आयकर दर रद्द झाला, वरचा २२ चा दर २० वर आणला म्हणून बहुतेकांचा फायदाच झाला पण कमी पगाराच्या, मुलंबाळं नसलेल्या लोकांचा तोटा झाला, म्हणजे ज्यांच्या नावाने पक्ष उभा तेच. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा घाईघाईने ६०० पौंडांनी वाढवली, तरी त्याच महिन्यात क्रू अँड नँटविचची पोटनिवडणूक गेली ती गेलीच.

आणि २०२४. सरकार ५ जुलैला आलं, २९ जुलैला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की हिवाळ्यातल्या हीटिंगसाठी पेन्शनरांना मिळणारे २०० ते ३०० पौंड आता फक्त अगदी गरिबांना मिळतील. महिना पण झाला नव्हता! जून २०२५ मध्ये निर्णय फिरवला, वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना परत द्यायचं ठरलं. पैसे बहुतेकांना परत मिळाले, मग नाराजी संपली का? नाही. काढून घेतलेली वस्तू परत केली म्हणून कुणी आभार मानत नाही, आणि वर ज्यांना निर्णय पटला होता ते म्हणणार, हे टिकणारे नाहीत. तेलही गेलं, तूपही गेलं. म्हणून तुम्ही नोंद ठेवत असाल तर (मी ठेवतो, एक साधी एक्सेल शीट, घरचे हसतात) निर्णयाची तारीख आणि माघारीची तारीख दोन वेगळ्या ओळीत लिहा, कारण माघारीने पण मतं जातात आणि ती वेगळी माणसं असतात.

जर्मनीतही असंच. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे चान्सलर (सरकारप्रमुख) गेरहार्ड श्र्योडर यांचा 'अजेंडा २०१०' हा सुधारणांचा कार्यक्रम मार्च २००३ मध्ये आला, बेकारी भत्त्याचे नियम कडक झाले, हार्ट्झ ४ नावाची योजना १ जानेवारी २००५ पासून लागू झाली, त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं निघालीत. पण त्याच सुमाराला, २००४ पासून, डॉक्टरकडे गेलं की तिमाहीला १० युरो काउंटरवर द्यावे लागायला लागले. बेकारी भत्त्याचे नियम नोकरी गेल्यावर कळतात. १० युरो दवाखान्याच्या काउंटरवर, मागे रांग उभी असताना, पाकिटातून काढावे लागायचे. असली गोष्ट शोधायची असते, जी हाताला लागते.

दुसरं काम, जिंकले त्या दिवसाचा आकडा काढा, आणि जागा नको, मतांची टक्केवारी. हे लोक हमखास विसरतात. लेबरला २०२४ मध्ये ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, सगळीकडे 'लाट' 'लाट' झालं, पण मतं होती ३३.७ टक्के. एकूण मतं साधारण ९७ लाख, म्हणजे २०१९ मध्ये ज्या निवडणुकीत पक्ष सपाटून हरला तेव्हाच्या साधारण १ कोटी ३ लाखांपेक्षा पण कमी! मग वर्षभरात लोकांचा भ्रमनिरास झाला म्हणायचं, का भ्रमच कमी लोकांना होता? मला दुसरं जास्त खरं वाटतं. लोकांनी आधीच्यांना घालवलं, यांना आणलं असं नाही. अशा विजयाला गादी नसते, पहिला धक्का थेट हाडाला लागतो.

उलटं पण होतं. न्यूझीलंडमध्ये लेबर २०२० मध्ये ५० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये २६.९ वर आली, बघायला भयंकर वाटतं, पण त्याच्या आधी २०१७ मध्ये ३६.९ होते. म्हणजे २०२० मधली बरीच मतं कोविडच्या काळातली उसनवारी होती, पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी साथ हाताळली म्हणून पलीकडच्या पक्षाच्या लोकांनी दिलेली. उसनं परत गेलं त्याला मी नाराजी म्हणत नाही. ३६.९ वरून २६.९, हे दहा टक्के खरे, ते आपल्या घरातले गेले. तर घसरण कधीही शिखरापासून मोजू नका, नेहमीच्या पातळीपासून मोजा.

आता मुख्य, आणि यात सगळ्यात जास्त चुका होतात. गेलेला मतदार गेला कुठे? लोक धरूनच चालतात की विरोधी पक्षाकडे. फार वेळा नाही. आधी तो घरी बसतो. १९९७ मध्ये लेबरला १ कोटी ३५ लाख मतं होती, २००१ मध्ये १ कोटी ७ लाख, मतदान ७१ टक्क्यांवरून ५९ वर, आणि जागा गेल्या जेमतेम पाच-सहा! रात्री सगळ्या चॅनलवर 'दुसरा दणदणीत विजय'. २८ लाख माणसं चार वर्षांत गायब झाली आणि कुणाला पत्ता नाही, कारण ती दुसरीकडे कुठे दिसलीच नाहीत. पुढे इराक युद्ध झालं तेव्हा म्हणायला लागले की युद्धामुळे लोक तुटले, तुटले खरंच, पण गळती त्याआधीची होती.

घरी बसणाऱ्यांनंतर येतात शेजारी जाणारे, म्हणजे त्याच बाजूच्या दुसऱ्या पक्षाकडे. नेदरलँड्सचा पीव्हीडीए, मजूर पक्ष, २०१२ मध्ये १५० पैकी ३८ जागा, मग उजव्या व्हीव्हीडीबरोबर सरकारात बसला, कपातीवर सह्या केल्या, २०१७ मध्ये ९ जागा. अडतीसवरून नऊ! पण त्या गेलेल्या जागा उजवीकडे एकगठ्ठा गेल्या नाहीत, डावा पर्यावरणवादी ग्रीनलिंक्स ४ वरून १४ वर गेला, मध्यममार्गी डी६६ १२ वरून १९ वर, बाकी आणखी फुटले. वेल्समध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये केअरफिलीची पोटनिवडणूक झाली, शंभर वर्षं लेबरचा बालेकिल्ला, तिथे लेबर ११ टक्क्यांवर आणि जिंकला प्लाइड कम्री, जो स्वतः डावीकडचाच. चर्चा मात्र सगळी उजवीकडच्या रिफॉर्म पक्षाची, कारण आवाज त्यांचा मोठा.

आणि तिसरे, थेट पलीकडे जाणारे. असतात, नाहीत असं नाही, पण आधी बाकीचे दोन मोजा.

हे तिन्ही एकाच ठिकाणी बघायचं तर रंकॉर्न अँड हेल्सबी घ्या. १ मे २०२५ ची पोटनिवडणूक. दहा महिन्यांपूर्वी लेबरने ही जागा १४,६९६ मतांनी जिंकलेली. रात्रभर मोजणी, मग फेरमोजणी, पहाट उलटली, आणि निकाल रिफॉर्म १२,६४५, लेबर १२,६३९. सहा मतं. एका बसस्टॉपवर उभी राहतील एवढी माणसं. ग्रीन पक्षाला तिथे दोन हजारांवर मतं होती आणि निम्म्याहून जास्त मतदार आलेच नव्हते. आता सांगा, कोणत्या सहा जणांनी सरकारला हरवलं? पलीकडे गेलेल्यांनी, शेजारी गेलेल्यांनी, का घरी बसलेल्यांनी? तिघेही "आम्ही" म्हणू शकतात. फक्त एक वजा करायला विसरू नका, आधीच्या खासदाराने एका माणसाला मारहाण केली, शिक्षा झाली, म्हणून ती जागा रिकामी झाली होती. पोटनिवडणुकीत असं स्थानिक काहीतरी जवळजवळ नेहमी असतं, ते आधी बाजूला काढा आणि उरेल ते देशाचं समजा.

मग प्रश्न येतो, ही नाराजी परत फिरणारी का कायमची. इथे मी बऱ्याचदा चुकलोय म्हणून जरा सावकाश सांगतो. ब्राझीलमध्ये जून २०१३ मध्ये साओ पाउलोत बसचं भाडं २० सेंताव्होंनी वाढलं, ३ रेआलवरून ३.२० (परत चिल्लर!), देशभर लोक रस्त्यावर, डाव्या मजूर पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष डिल्मा रूसेफ यांचं समर्थन डेटाफोल्याच्या पाहणीत तीन आठवड्यांत ५७ वरून ३० वर. मी तेव्हा छातीठोक सांगितलेलं की संपलं. २०१४ मध्ये त्या परत निवडून आल्या, ५१.६ टक्क्यांनी. ऑस्ट्रेलियात लेबर २०२५ च्या सुरुवातीला पोलमध्ये मागे होती आणि मे महिन्यात १५० पैकी ९४ जागा घेऊन आली. नॉर्वेत मजूर पक्षाचे आकडे २०२५ उजाडताना रसातळाला, मग भागीदार सेंटर पक्ष सरकारातून बाहेर पडला, माजी पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग अर्थमंत्री म्हणून परत आले, आणि सप्टेंबरमध्ये सरकार टिकलं.

ग्रीसमध्ये मात्र जुनं बळ परत आलंच नाही. पासोक, तिथला समाजवादी पक्ष, २००९ मध्ये ४३.९ टक्के, मे २०१२ मध्ये १३.२, जानेवारी २०१५ मध्ये ४.७. मध्ये २०१० चं कर्ज, युरोपच्या आणि आयएमएफच्या अटी, पगार-पेन्शन कपात, आणि हे सगळं करणारा पंतप्रधान, जॉर्ज पापांद्रेउ, ज्यांनी प्रचारात पैसा आहे असं सांगितलेलं. या घसरणीला राज्यशास्त्रात नावच पडलं, पासोकीकरण. फ्रान्समध्ये तसंच, समाजवादी पक्षाचे फ्रान्स्वा ओलांद २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष, २०१६ मध्ये कामगार कायदा संसदेत मतदान न घेता कलम ४९.३ वापरून रेटला, स्वतः परत उभेच राहिले नाहीत, आणि २०१७ मध्ये त्यांच्या पक्षाचा उमेदवार ६.४ टक्क्यांवर.

फरक कशात? माझं मत, शेजारचं घर उघडं होतं का एवढ्यात. ग्रीसमध्ये सिरिझा हा आणखी डावा पक्ष होता, ४.६ वरून १६.८ वर आणि मग ३६ वर गेला, लोकांना डावं राहूनच घर बदलता आलं. ऑस्ट्रेलियात पसंतीक्रमाची पद्धत, म्हणजे ग्रीनला पहिली पसंती दिली तरी मत फिरून बरेचदा लेबरकडेच येतं, रागावून पण घरातच. तर कोणत्याही सरकारबद्दल विचार करताना दोन प्रश्न, शेजारी राहायला जागा आहे का, आणि निवडणूक पद्धत तिथून परत आणते का. नेता आवडतो का नाही हा प्रश्न मी तिसरा ठेवतो, टीव्हीवाले पहिला ठेवतात.

आता हे प्रत्यक्षात बघायचं कुठे. पोलची बातमी वाचू नका, पोल घेणारी कंपनी खाली तक्त्यांची पीडीएफ देते ती उघडा, कंटाळवाणी असते, उघडा तरी. त्यात कॉलम असतात, वय, लिंग, विभाग, आणि 'मागच्या वेळी मत कुणाला दिलं'. या शेवटच्या कॉलममध्ये सत्ताधारी पक्षाच्या जुन्या मतदारांखाली या आणि 'माहीत नाही' आणि 'मत देणार नाही' हे दोन आकडे बेरीज करून लिहून ठेवा. बातमीत हे आकडे सहसा नसतात, तिथे बहुधा अनिश्चित लोक वगळून टक्केवारी काढलेली असते, म्हणजे नेमके घरी बसणारेच पुसलेले. एका पोलवरून काही बोलू नका, चार-पाच महिने तीच बेरीज लिहीत राहा आणि तारखांच्या ओळीशेजारी ठेवा, कुठल्या निर्णयानंतर उडी मारली ते आपोआप दिसतं. आणि कॉलमच्या डोक्यावर किती माणसं विचारली तो आकडा असतो तो आधी बघा, साठ-सत्तर जणांच्या कॉलमवरून कुणी 'तरुणांनी पाठ फिरवली' अशी हेडलाइन केली असेल तर टॅब बंद करा.